टोळीतली पोरे आणि पोलीस ठाण्यातील वही

दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून पश्चिम महाराष्ट्राच्या साखरपट्ट्याकडे जे ऊसतोडणी कामगार स्थलांतर करतात, त्यांच्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाची उचल मिळते ती कोयत्यावर. जोडीदाराविना आलेला मजूर हा ‘अर्धा कोयता’. माणसाची गणना त्याच्या हातातील अवजाराने करणारा हा हिशेब महाराष्ट्राच्या सहकारी समृद्धीच्या पायाशी आहे आणि त्याची चिंता शहरी मध्यमवर्गाला क्वचितच वाटली. २०२२ च्या अखेरीपासून मात्र हाच शब्द पुण्याच्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला आणि शहराची झोप उडाली. ‘कोयता गँग’ या नावाची कोणतीही एक संघटित टोळी अस्तित्वात नाही. हातात कोयता घेऊन वस्तीत दहशत माजवणारी, रस्त्याकडेला उभ्या असलेल्या रिक्षा-मोटारींच्या काचा फोडणारी, टपरीवाल्याकडून पैसे उकळणारी आणि प्रसंगी एकमेकांचा जीव घेणारी कोवळ्या वयाची पोरे जिथे जिथे दिसली, तिथे तिथे हे एकच नाव त्यांना चिकटवण्यात आले. नाव एक झाले की शत्रूही एकच असल्याचा भास होतो. आणि शत्रू एक आहे असे ठरले की त्याची यादी करणे सोपे जाते.

अशा याद्या आता झपाट्याने तयार होत आहेत. त्यामुळे विचारायला हवा तो प्रश्न असा की, पोलीस ठाण्याच्या वहीत चढणारी ही नावे टोळ्यांची वाढ रोखतात, की टोळ्यांना नवी भरती मिळवून देतात?

भीती खोटी नाही

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. टोळीतल्या पोरांना व्यवस्थेविरुद्ध उठलेले बंडखोर समजण्याचा भाबडेपणा डाव्या विचारांच्या कार्यकर्त्यांनी करू नये. ही पोरे श्रीमंतांच्या बंगल्यांवर चालून जात नाहीत. ती ज्या वस्तीत वाढली, त्याच वस्तीतील श्रमिकांच्या घामाच्या मिळकतीवर त्यांचा कोयता पडतो. कर्ज काढून घेतलेल्या रिक्षाची काच रात्रीतून फुटली की सकाळी त्या रिक्षावाल्याची दिवसाची कमाई बुडते, काचेचा खर्च वेगळाच. हप्ता चुकला म्हणून फायनान्स कंपनीचा माणूस दारात उभा राहतो. वडापावची गाडी लावणारी विधवा, भाजीवाला, रात्रपाळीहून परतणारी कामगार स्त्री, शाळेच्या वाटेवर अडवली जाणारी मुलगी हेच या दहशतीचे खरे बळी आहेत. बंगल्याला पहारेकरी असतो, सोसायटीला फाटक असते. वस्तीला यातले काहीच नसते. म्हणून पोलिसांनी बंदोबस्त करावा ही वस्तीतून येणारी मागणी पूर्णपणे न्याय्य आहे. गरिबाला सुरक्षिततेची गरज श्रीमंताहून अधिक असते, कारण एका रात्रीचे नुकसान सोसण्याचीही ऐपत त्याच्यापाशी नसते.

परंतु मागणी न्याय्य आहे म्हणून तिच्या नावाने होणारी प्रत्येक कारवाई न्याय्य ठरत नाही.

आकडे काय सांगतात, आणि काय लपवतात

अल्पवयीनांची गुन्हेगारी महापुरासारखी वाढत आहे, असे चित्र सर्वत्र रंगवले जाते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे या चित्राला दुजोरा देत नाहीत. विधिसंघर्षग्रस्त बालकांविरुद्ध देशभरात नोंदवलेली प्रकरणे २०१६ साली ३५,८४९ होती. २०२२ साली ती ३०,५५५ होती. महाराष्ट्राचा वाटा त्यात मोठा आहे, आणि काही शहरांच्या काही भागांत हिंसेचे स्वरूप अधिक क्रूर झाले आहे, हेही खरे. पण देशाच्या पातळीवर उद्रेक झाल्याचा पुरावा या तक्त्यांत सापडत नाही.

त्याहून महत्त्वाची बाब अशी की, हे तक्ते मुळात टोळी मोजतच नाहीत. अल्पवयीनांच्या प्रकरणांत खून, जबरी चोरी, दुखापत असे रकाने असतात. ‘टोळी’ असा रकाना नसतो. एकाच घटनेत अनेक गुन्हे घडले असतील तर त्यांपैकी सर्वात गंभीर गुन्हा तेवढा मोजण्याची पद्धत आहे. तेव्हा तीन मित्रांचे भांडण कुठे संपते आणि टोळीचा गुन्हा कुठे सुरू होतो, हे ठरवण्याचे काम आकडेशास्त्राचे उरत नाही; ते ठाणेदाराच्या लेखणीवर येते. त्याने ‘वर्चस्वाच्या वादातून’ असे दोन शब्द लिहिले की भांडणाचे टोळीयुद्ध होते. आणि एकदा ते टोळीयुद्ध झाले की त्याला लावायचे कायदेही बदलतात.

या अहवालांतून एक रकाना मात्र गळून पडला आहे, आणि तो कोणता हे बोलके आहे. गेल्या दशकाच्या मध्यापर्यंत पकडलेल्या मुलांच्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न अहवालात दिले जात असे. २०१३ च्या अहवालानुसार त्यांतील निम्म्याच्या आसपास मुले वर्षाला २५ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील होती. पुढे हा तक्ताच अहवालातून नाहीसा झाला. मुलगा कितवी शिकला हे अजून सांगितले जाते. तो आईवडिलांपाशी राहतो की नाही हेही सांगितले जाते, आणि बहुसंख्य मुले आईवडिलांपाशीच राहतात असे त्यातून दिसते. म्हणजे ‘संस्कार नाहीत, घर नाही’ या नेहमीच्या निदानाला आधार नाही. घर आहे, त्या घरात काय शिजते, हा प्रश्न तेवढा विचारायचा नाही, असे शासनाने ठरवलेले दिसते.

वहीतला प्रवास

पोलीस ठाण्यात गुन्हेगारावर पाळत ठेवण्याची साधने जुनी आहेत आणि नवीही आहेत. सर्वात जुने साधन म्हणजे हिस्ट्रीशीट. एखाद्याचे नाव, टोपणनाव, अंगावरच्या खुणा, नातेवाईक, मित्र, उठण्या-बसण्याच्या जागा यांची नोंद असलेला हा कागद ठाण्याच्या दप्तरात राहतो. ‘रेकॉर्डवरील गुन्हेगार’, ‘सराईत’ हे वृत्तपत्रांतील शब्द याच कागदातून जन्म घेतात. त्यानंतर चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र. त्यापुढची पायरी तडीपारीची: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ अन्वये एखाद्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येते. त्याहून वरची पायरी १९८१ च्या कायद्याची. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार आणि धोकादायक व्यक्ती यांना खटला न चालवता एक वर्षापर्यंत स्थानबद्ध ठेवण्याची मुभा तो देतो. ज्या कायद्याच्या नावातच झोपडपट्टी आहे, त्याची नजर कोणत्या दिशेला असेल हे सांगायला नको. आणि सर्वात वर १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘मोक्का’.

मोक्का मुंबईतील बलाढ्य टोळ्यांसाठी आणण्यात आला. खंडणी, सुपारी, परदेशातून हलणारी सूत्रे यांना सामान्य कायदा पुरा पडत नाही, असे तेव्हा सांगितले गेले. या कायद्याखाली जामीन मिळणे अत्यंत अवघड. वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाबही पुरावा म्हणून ग्राह्य. टोळीवर मागील दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रे असावी लागतात. परंतु ती प्रत्येक सदस्यावर असावी लागत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही हा अर्थ मान्य केला आहे. याचा व्यवहारातील परिणाम असा की, म्होरक्याच्या नावावर जुनी प्रकरणे असली की त्याच्याबरोबर प्रथमच पकडलेला एकोणीस वर्षांचा मुलगाही त्याच कायद्याच्या जबड्यात जातो. पुण्यासारख्या शहरात तर कोणत्या आयुक्तांच्या कारकिर्दीत किती टोळ्यांना मोक्का लागला, याचे आकडे धावफलकावरील धावांसारखे प्रसिद्ध होतात. किती खटल्यांत दोषसिद्धी झाली, किती जण निर्दोष सुटले आणि सुटेपर्यंत किती वर्षे तुरुंगात कुजले, हा हिशेब मात्र धावफलकावर येत नाही.

या पायऱ्यांवरून एखाद्या मुलाचा प्रवास कसा होतो ते पाहावे. सोळाव्या वर्षी तो मारामारीत सापडतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ सांगतो की त्याला नवी सुरुवात करता आली पाहिजे. अपवादात्मक परिस्थिती वगळता त्याच्या पूर्वीच्या नोंदी पुसल्या पाहिजेत. त्याची ओळख उघड होता कामा नये. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार तर बालकाविरुद्ध प्रथम खबर नोंदवायचीच नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून त्याच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळापुढे ठेवायचा. याला दोन अपवाद आहेत: गुन्हा घृणास्पद वर्गातील असणे, किंवा तो प्रौढांसमवेत केलेला असणे. टोळी म्हटली की दुसरा अपवाद आपोआप लागू होतो. कायद्याच्या पुस्तकात नोंद पुसली जाते. बीटवरच्या शिपायाच्या डोक्यातून आणि भ्रमणध्वनीतल्या छायाचित्रांतून ती पुसली जात नाही. अठरा पूर्ण होताच पुढच्या प्रत्येक घटनेनंतर पहिली थाप याच मुलाच्या दारावर पडते. गणपती आला, निवडणूक आली, मोठा नेता शहरात आला की त्याला बोलावून बसवायचे. रोजंदारीवर काम देणारा ठेकेदार एकदा सहन करतो, दोनदा करतो. तिसऱ्यांदा दुसरा मुलगा ठेवतो. मग तडीपारीची नोटीस येते. दोन वर्षे परक्या जिल्ह्यात जाऊन त्याने खायचे काय आणि राहायचे कुठे, याची तरतूद आदेशात नसते. तो लपूनछपून घरी परततो. आदेशाचा भंग म्हणून पकडला जातो. वहीत आणखी एक ओळ वाढते.

अशा वेळी त्याला वकील कोण देतो? जामिनाचे पैसे कोण भरतो? तो आत असताना त्याच्या आईला किराणा कोण भरून देतो? शासन देत नाही, समाज देत नाही, दादा देतो. ज्या दिवशी दादा हे करतो, त्या दिवशी पोरगा खऱ्या अर्थाने टोळीचा होतो. त्याआधी तो केवळ वहीतला होता.

महाराष्ट्राला हे नवे नाही

माणूस गुन्हा करण्यापूर्वीच त्याला गुन्हेगार म्हणून नोंदवण्याचा प्रयोग या देशाने पूर्वी केला आहे, आणि त्याची फळे महाराष्ट्राने भोगली आहेत. १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या सुधारणेनंतर त्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली. पारधी, कैकाडी, उचल्या, भामटा अशा जमातींच्या माणसांवर हजेरीची सक्ती झाली. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती उभ्या राहिल्या आणि त्यांतील माणसे गिरण्यांत कामाला धाडली जाऊ लागली. सुधारणेचे नाव घ्यायचे आणि स्वस्त मजूर मिळवायचे, असा तो दुहेरी व्यवहार होता. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण सात वर्षांनी, १९५९ साली, मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जमातीचा उल्लेख गेला. नोंदवही, हजेरी आणि संशय राहिला. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा मराठी वाचकाला प्रथमच कळले की, कायदा रद्द झाल्यावरही पोलिसांची नजर रद्द होत नाही.

ही नजर किती चिवट आहे याची कबुली अलीकडे देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेच दिली. ७ मे २०२४ च्या एका निकालात न्यायालयाने हिस्ट्रीशीटच्या प्रश्नाची स्वतःहून व्याप्ती वाढवली. सामाजिक-आर्थिकदृष्ट्या मागास, अनुसूचित जाती-जमातींतील आणि विमुक्त समाजांतील निरपराध माणसांची नावे केवळ पूर्वग्रहातून या नोंदींत चढत असतात, याकडे लक्ष वेधून सर्व राज्यांनी आपली धोरणे तपासावीत असे सांगितले. हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो चारचौघांत मांडण्याची वस्तू नव्हे, असेही बजावले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार ठरवणारे उल्लेख न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले. राज्यघटना अमलात येऊन पाऊणशे वर्षे होत आली तरी असा निकाल द्यावा लागतो, यातच सारे आले.

न्यायालय अंतर्गत कागद म्हणते. रस्त्यावर काय दिसते? पकडलेल्या तरुणांची त्यांच्याच वस्तीतून धिंड निघते, तिची चित्रफीत समाजमाध्यमांवर फिरते, आणि बघ्यांच्या टाळ्या पडतात. खटला अजून उभा राहायचा असतो. धिंडीने वस्तीतील भीती क्षणभर ओसरते हे खरे. पण ज्या पोराला ‘भाई’ म्हणून मिरवायचे आहे, त्याला ती फुकटची जाहिरात ठरते, आणि ज्याला बाहेर पडायचे होते, त्याचा परतीचा रस्ता त्याच्या शेजाऱ्यांसमोर बंद होतो.

लंडन आणि कॅलिफोर्नियाचा धडा

पाश्चात्त्य देशांत हे काम शास्त्रशुद्ध रीतीने चालते, तेव्हा वहीऐवजी संगणक आणला की अन्याय टळेल, असा युक्तिवाद होतो. महाराष्ट्र शासनानेही २०२४ साली पोलीस दलासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची ‘मार्व्हल’ नावाची स्वतंत्र कंपनी स्थापन केली आहे. म्हणून ज्यांनी हा मार्ग आधी चोखाळला, त्यांचा अनुभव तपासणे अगत्याचे आहे.

ऑगस्ट २०११ मध्ये लंडनमध्ये दंगली उसळल्या. त्यानंतर २०१२ साली तेथील पोलिसांनी टोळ्यांतील तरुणांची एक संगणकीय यादी केली. प्रत्येकाला धोक्याचे गुण देऊन लाल, पिवळा, हिरवा असे रंग लावले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने मे २०१८ मध्ये या यादीचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा तिच्यात सुमारे ३,८०० नावे होती. त्यांतील ७८ टक्के कृष्णवर्णीय होते. आणि सर्वात लहान व्यक्ती १२ वर्षांची होती. कोणाशी मैत्री आहे, कोणत्या गाण्याच्या चित्रफितीत दिसला, एवढ्यावरून नावे चढत होती. यादीतील माहिती गृहनिर्माण खात्यापासून शाळांपर्यंत पोचत होती. त्याच वर्षी ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी या यादीने विदासंरक्षणाच्या कायद्याचा गंभीर भंग झाल्याचे ठरवले. २०२२ साली न्यायालयीन दाव्यातील तडजोडीत पोलिसांनी यादीची पद्धत बेकायदा असल्याचे मान्य केले आणि हजाराहून अधिक नावे काढली. २०२४ साली ती यादीच गुंडाळण्यात आली.

कॅलिफोर्निया राज्यातील टोळ्यांच्या यादीची कथा तर प्रहसनात शोभावी अशी आहे. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०१६ साली तिची तपासणी केली, तेव्हा नोंदीच्या वेळी एक वर्षाहून कमी वय असलेल्या ४२ व्यक्ती यादीत सापडल्या. त्यांपैकी २८ जणांनी आपण टोळीचे सदस्य असल्याचे ‘स्वतः कबूल केले’ अशी नोंद होती! तान्ह्या बाळाचा कबुलीजबाब नोंदवणारी यंत्रणा शास्त्रीय म्हणवून घेत होती. यंत्र चुकले असे म्हणून हसून सोडण्याची ही गोष्ट नाही. ज्या यादीतील नाव कोणी तपासत नाही, ज्याचे नाव आहे त्याला ते कळत नाही आणि कळले तरी काढून घेता येत नाही, ती यादी वहीत असो वा संगणकात, तिच्यात असेच घडणार.

भारतात तर धोका दुणावतो. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया ओळख कायद्याने बोटांच्या ठशांपासून डोळ्याच्या बुबुळापर्यंत मोजमापे घेण्याचा आणि ती ७५ वर्षे जपून ठेवण्याचा अधिकार शासनाला दिला. खटल्याविना सुटलेल्या वा निर्दोष ठरलेल्या माणसाची मोजमापे नष्ट करण्याची तरतूद कागदावर आहे. पण ती नष्ट झाली की नाही हे वस्तीतला मजूर कोणत्या खिडकीवर जाऊन विचारणार? जुन्या वहीला निदान वाळवी लागत असे.

एकाच वयाची दोन मुले

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या एका मुलाच्या भरधाव परदेशी मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. मुलगा धनाढ्य बांधकाम व्यावसायिकाच्या घरातील. पंधरा तासांच्या आत त्याला जामीन मिळाला, आणि अपघात या विषयावर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट सर्व देशात गाजली. पुढे त्याच्या रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली.

त्या वेळी लोकांचा संताप निबंधावर केंद्रित झाला. तो समजण्याजोगा होता, पण त्याची दिशा चुकली. अल्पवयीन मुलाला प्रौढांच्या तुरुंगात न डांबता सुधारण्याची संधी द्यावी हे तत्त्व योग्यच आहे. बाल न्यायाचा कायदा त्यासाठीच आहे. दोष त्या तत्त्वात नव्हता. ते तत्त्व बंगल्यातील मुलासाठी पंधरा तासांत धावून येते आणि जनता वसाहतीतील किंवा येरवड्यातील मुलासाठी येत नाही, यात दोष होता. एकाला कायद्याचा आत्मा मिळतो, दुसऱ्याला कायद्याची काठी. गरीब मुलाला वकील नसतो. त्याचा जामीनदार मिळत नाही. परिविक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावर त्याची फाईल इतर शेकडो फायलींखाली असते. आणि तरीही मागणी होते ती अल्पवयीनतेची वयोमर्यादा खाली आणण्याची. २०१५ च्या कायद्याने घृणास्पद गुन्ह्यांसाठी सोळा ते अठरा वयोगटातील मुलांना प्रौढांप्रमाणे चालवण्याचा दरवाजा आधीच उघडला आहे. तो आणखी रुंद केला तर त्यातून आत कोण ढकलले जाईल, याविषयी शंका नको.

टोळीचा मालक कोण?

कोयता हातात घेणारा पोरगा सर्वांना दिसतो. त्याच्यामागे उभा असलेला हिशेब दिसत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संप मोडला गेला, गिरण्या बंद पडत गेल्या. ज्या गिरणगावात पोरगा मोठा झाला की बापाच्या जागी बदली कामगार म्हणून लागायचा, तिथे ती वाट बुजली. त्याच गल्ल्यांतून टोळ्यांना पोरे मिळाली, आणि पुढे त्याच गिरण्यांच्या जमिनींच्या व्यवहारांत टोळ्यांचे बळ वापरले गेले. संघटना मोडली की टोळी उभी राहते, हा त्या दशकाचा धडा आहे.

पुण्यात गिरण्यांऐवजी आता भूखंड आहेत. जमिनीचे ताबे, टँकरचे पाणी, चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतील भंगाराचे ठेके, मजूर पुरवण्याचे ठेके यांत धाक विकला जातो. हमाल-मापाड्यांनी लढून मिळवलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याचे नाव घेऊन खंडणी मागितली जावी, यासारखी विटंबना नाही. कारखाना शेजारी आणि वस्तीतला तरुण कंत्राटी. आज काम, उद्या नाही. अशा तरुणाला दादाचा वाढदिवस, चौकातला फलक आणि त्यावरचे स्वतःचे छायाचित्र हीच प्रतिष्ठा वाटू लागते. त्या फलकावर दादाशेजारी कोणत्या पुढाऱ्यांचे चेहरे असतात, हे शहर रोज पाहते. वहीत त्या चेहऱ्यांची नोंद होत नाही.

वास्तविक कायद्याने वर पाहण्याची सोय केलेली आहे. मुलांना बेकायदा कृत्यांसाठी वापरणाऱ्या प्रौढांना बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ९५ मध्ये बालकाला गुन्ह्यासाठी राबवणाऱ्यास किमान तीन वर्षे आणि जास्तीत जास्त दहा वर्षे शिक्षा आहे. मोक्काचे आकडे छापणाऱ्या प्रत्येक पोलीस आयुक्तालयाने या दोन कलमांचेही आकडे छापावेत. पोर पकडणे सोपे आहे. पोराला पैसे पुरवणारा पकडायला धैर्य लागते.

काय व्हायला हवे

पोलिसांनी नोंदच ठेवू नये, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण नोंद कृत्याची असावी. मैत्रीची, आडनावाची किंवा वस्तीची नसावी. अठरा वर्षांखालील कोणाचेही नाव टोळीच्या यादीत असता कामा नये. प्रौढाचे नाव चढवायचे तर लेखी कारण हवे, त्याची प्रत त्याला मिळायला हवी, आणि दर दोन वर्षांनी पोलीस दलाबाहेरील न्यायिक अधिकाऱ्याने त्या नावाची फेरतपासणी करायला हवी. निर्दोष सुटलेल्याचे नाव त्याच महिन्यात निघाले पाहिजे. कोणत्या प्रभागातील, कोणत्या वयाची, कोणत्या समाजातील किती नावे आहेत, याचा व्यक्तिनिरपेक्ष तक्ता दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ च्या निर्देशानुसार महाराष्ट्राने आपल्या नियमांत काय बदल केला, याचे उत्तर गृहखात्याने सभागृहात द्यावे. आणि कुटुंबाच्या उत्पन्नाचा वगळलेला तक्ता राष्ट्रीय अहवालात परत आला पाहिजे.

त्याबरोबरच निरीक्षणगृहांना पुरेसे परिविक्षा अधिकारी आणि समुपदेशक, तडीपारीऐवजी देखरेखीखाली रोजगार, वस्तीत संध्याकाळी उघडी राहणारी अभ्यासिका आणि मैदान यांवर पैसा खर्च झाला पाहिजे. शहराचे मैदान बिल्डरला द्यायचे आणि मग रस्त्यावर उभ्या पोरांवर कोम्बिंग ऑपरेशन करायचे, हे धोरण म्हणवत नाही.

शेवटची जबाबदारी शासनाची नसून पुरोगामी चळवळीची आहे. एके काळी वस्तीतल्या पोरांना सेवादलाची शाखा माहीत होती, युनियनची कचेरी माहीत होती, मोर्चात घोषणा देताना आपणही कोणीतरी आहोत याची जाणीव त्यांना होत होती. त्या कचेऱ्यांना आज कुलपे आहेत आणि चौकात दादाची कचेरी उघडी आहे. अटक झालेल्या मुलाच्या आईबरोबर बाल न्याय मंडळात जाऊन बसणारा, तिला विनामूल्य कायदेशीर मदतीचा अर्ज भरून देणारा, तडीपारीच्या नोटिशीला उत्तर लिहून देणारा एक कार्यकर्ता प्रत्येक प्रभागात उभा राहिला, तर दादाचे निम्मे काम संपेल. दरवर्षी ३१ ऑगस्टला विमुक्त दिनाच्या सभा होतात, भाषणे होतात. येत्या ३१ ऑगस्टला सभेऐवजी हे काम सुरू करावे.